वाचकांचे प्रश्न : जुन्या गोव्यातलं असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च आणि त्याचा मठ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच वास्तूबद्दल आहेत. जुने गोवे इथे से कॅथेड्रलच्या पश्चिमेला लागूनच फ्रान्सिस्कन संघाचं जुनं चर्च आणि मठ आहे. 1986 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या गोव्याच्या चर्च-समूहात ते आहे. मठात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : सेंट फ्रान्सिसचं शव ठेवलंय ते हेच चर्च का? टॅक्सीवाल्यांपासून नातेवाइकांपर्यंत प्रत्येक जण वेगळं सांगतो.

नाही. फ्रान्सिस दोन आहेत. शव आहे ते फ्रान्सिस झेवियर (1506–1552) यांचं. ते जेझुइट, म्हणजे येशू संघ या दुसऱ्या ख्रिस्ती संघाचे होते आणि त्यांचे अवशेष रस्त्यापलीकडच्या बॉम जिझस बॅसिलिकात आहेत. हे चर्च असिसीच्या फ्रान्सिसचं. ते इटलीतल्या एका कापडव्यापाऱ्याचे चिरंजीव. वारले 1226 मध्ये, म्हणजे झेवियर यांच्या जन्माच्या पावणेतीनशेहून अधिक वर्षं आधी. बापाची संपत्ती सोडून त्यांनी भिक्षेवर जगणाऱ्या भावांचा संघ काढला. त्या संघाची माणसं गोव्यात जेझुइटांच्या पंचवीस वर्षं आधी पोचली होती.

प्रश्न : चर्चबद्दल कुठे 1517 लिहिलेलं आढळतं, कुठे 1521, कुठे 1661. बांधकाम नेमकं कधीचं?

तिन्ही वर्षं बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगवेगळ्या इमारतींची आहेत. 1517 मध्ये आठ फ्रान्सिस्कन इथे आले आणि त्यांनी तीन वेद्यांचं लहानसं प्रार्थनाघर उभं केलं. त्याच्या जागी पवित्र आत्म्याला वाहिलेलं मोठं चर्च झालं, त्याचं अर्पण 1521 मधलं. ते पुढे पाडलं आणि त्याच जागी आजचं चर्च 1661 मध्ये उभं राहिलं. पाडताना जुन्यातलं प्रवेशद्वार तेवढं राखलं.

म्हणून पुढून बघताना दोन काळ एका नजरेत येतात. तीन मजली दर्शनी भाग, दोन्ही बाजूंचे अष्टकोनी मनोरे, वरच्या कोनाड्यातले सेंट मायकेल हे सगळं सतराव्या शतकातलं, शिस्तीचं, चुन्यानं पांढरं केलेलं. आणि मधोमध एकदम गडद दगडातलं, वेगळ्याच तऱ्हेचं दार. जवळ जाऊन पाहा : कमान एका गोलाईची नाही, तिला तीन पाकळ्या आहेत. बाजूचे खांब गोल आहेत आणि फुलांच्या चकत्यांचा पट्टा आहे. वर नुसत्या कड्यांनी बनवलेला, आतून पोकळ असा गोल दिसेल. खगोल मोजणीचं ते यंत्र पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याचं निशाण होतं. त्याची कारकीर्द 1495 ते 1521. म्हणजे दगडावरच कालखंडाचा शिक्का आहे. या शैलीला राजाच्या नावावरून मानुएलाइन म्हणतात. गोव्यात तिचे नमुने इतके थोडे उरलेत की घाई असेल तर आतला सोनेरी थाट एक वेळ राहू द्या, पण दहा मिनिटं या दारापुढे काढा.

प्रश्न : गरिबीचं व्रत घेतलेल्यांचं चर्च बाहेरून साधं आहे हे पटतं. मग आत एवढं सोनं कशाला?

विसंगती आहेच, आणि ती त्या काळच्या फ्रान्सिस्कनांनाही टोचत होती. संघात या प्रश्नावरून शतकानुशतकं भांडणं झाली, फाटे फुटले. त्यांच्या बाजूचं म्हणणं असं की व्रत भावांचं आहे, देवाच्या घराचं नाही. झोळी रिकामी असावी, वेदी रिकामी नसावी. शिवाय पैसा बहुतेक देणगीदारांचा असे, आणि आपण दिलेलं सोनं झळकलेलं देणगीदाराला हवं असे.

मुख्य वेदीवर ही ओढाताण समोरासमोर दिसते. असिसीचे फ्रान्सिस आणि क्रुसावरचा येशू अशा जवळपास सारख्याच मोठ्या दोन मूर्ती आहेत आणि त्यांच्या पायाशी गरिबी, नम्रता, आज्ञापालन ही व्रतं लिहिलेली आहेत. भोवती मात्र सोन्याच्या मुलाम्याचं लाकूडकाम खच्चून भरलेलं. खालच्या बाजूला पवित्र प्रसाद ठेवायची पेटी आहे, ती येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चार शुभवर्तमानकारांनी तोलून धरली आहे.

वास्तूची रचना मात्र काटकसरीची आहे. एकच लांब दालन, मधे खांबांच्या रांगा नाहीत. दोन्ही बाजूंना तीन-तीन लहान वेद्यांच्या खोल्या. त्यांच्यामधल्या जाड आडव्या भिंती केवळ आडोसा नाहीत. वरच्या सज्ज्याचा भार त्या घेतात आणि छताचा बाहेरचा रेटाही त्यांच्यावर येतो. इतर चर्चमध्ये हे आधार इमारतीबाहेर काढतात. इथे ते आत घेऊन मधल्या जागेत वेद्या बसवल्या, म्हणजे एका भिंतीत दोन कामं. याच भिंतींवर फुलापानांची रंगवलेली नक्षी आहे. लोक ती न बघता सरळ सोन्याकडे जातात.

प्रश्न : वेदीवरचं सोनं खरं आहे का? ते लाकडावर बसवतात कसं?

मूळ काम खऱ्या सोन्याच्या वर्खाचं. पोर्तुगीज परंपरेतली ही पद्धत सगळीकडे जवळपास सारखी आहे.

लाकूड कोरून झालं की आधी त्यावर जनावरांच्या कातड्याच्या सरसाचा पातळ हात देतात, म्हणजे लाकडाची तहान भागते. मग सरसात कालवलेल्या जिप्समचे म्हणजे खडूसारख्या पांढऱ्या पुडीचे थर, आधी जाडसर, मग बारीक, मिळून चार ते आठ. प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. हे झालं की कोरीव काम बोथट होतं, म्हणून बारीक हत्यारांनी पांढऱ्या थरातच पुन्हा नक्षी उघडावी लागते. त्यावर लाल किंवा पिवळ्या मऊ मातीचे तीन-चार हात. ही माती सोन्याला ऊबदार झाक देते आणि घासताना गादीसारखी दबते. शेवटी माती पाण्यानं ओली करायची आणि वर्ख त्यावर सोडायचा. मातीतला सरस ओला होऊन तो पकडतो. काही तासांनी, थर अर्धवट सुकला की अकीक दगडाच्या गुळगुळीत टोकानं घासलं की आरशासारखी चकाकी येते.

वर्ख किती पातळ? आजचा एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. जुना हातानं ठोकलेला असल्यानं जरा जाड असे. त्यामुळे एवढी मोठी वेदी झगमगवायला लागलेलं सोनं वजनात लोकांना वाटतं त्याच्या अगदी थोडं भरतं. खर्च जातो तो मजुरीत.

चुकतं कुठे? वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरसाचा झाला तर तो सुकताना ताणतो आणि खालच्याला सोलून काढतो. म्हणून वर जाताना सरस कमी-कमी करायचा असतो. दुसरं, घासायची वेळ. लवकर घासलं तर वर्ख दगडाला चिकटून येतो, उशीर झाला तर चकाकी चढत नाही. पावसाळ्यात ती योग्य वेळ सापडतच नाही, हे काम कोरड्या महिन्यांचं. आणि काम कितीही चांगलं असलं तरी दमट हवेत लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पांढरा थर मात्र ताठ असतो, तो लाकडाबरोबर हलत नाही. मग आधी केसासारख्या भेगा, नंतर कडा उचललेले पापुद्रे, नंतर उघडं लाकूड.

खरं सोनं ओळखायच्या तीन खुणा. चौकोनी वर्ख एकमेकांवर जिथे चढलेत तिथे बारीक आडव्या-उभ्या रेषा दिसतात. उंचवट्यांवर सोनं झिजून खालची लाल माती डोकावते. आणि खरं सोनं काळं पडत नाही. जिथे तपकिरी, हिरवट, रवाळ दिसतं तिथे नंतर कुणीतरी पितळी भुकटीचा रंग फासलेला आहे. असं ठिगळकाम जुन्या चर्चमध्ये सर्रास सापडतं, आणि मूळ सोनं कित्येकदा त्याच्याच खाली शाबूत असतं.

मूर्तींच्या वस्त्रांवर आणखी एक करामत असते. आधी पूर्ण कापड सोन्याचं करायचं, त्यावर रंग चढवायचा आणि रंग ओलसर असतानाच लाकडी काडीनं नक्षी खरवडायची. खरवडलेल्या रेघांतून सोनं दिसतं आणि भरजरी कापडाचा भास होतो. हे पाहायला दुर्बीण नेली तर चैन.

प्रश्न : आमच्या बार्देशातल्या जुन्या घरात असाच सोनेरी लाकडी अल्तार (वेदी) आहे. ओल्या फडक्यानं पुसला तर चालेल का?

मुळीच नाही. वर वाचलंत, वर्ख पाण्यावर बसवलेला असतो. पाण्यानंच तो सुटतो. एका पुसण्यात सोनं फडक्यावर येतं आणि लाल डाग उरतो. लिंबू, चिंच, पितांबरी, खोबरेल, फर्निचरचं पॉलिश यांतलं काहीही लावू नका.

बकरीच्या केसांचा मऊ, रुंद, कोरडा ब्रश घ्या. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी. नळीच्या तोंडाला मलमलीचं कापड बांधा आणि ती लाकडापासून वीतभर लांब ठेवा. धूळ ब्रशनं नळीकडे ढकलायची, नळी लाकडाला टेकवायची नाही. जिथे पापुद्रे उचललेत तो भाग सोडून द्या. पापुद्रा पडलाच तर फेकू नका, कागदाच्या पाकिटात घालून कुठून पडला ते वर लिहा. पुढे जोडणाऱ्याला तो लागतो.

कीड आहे का हेही पाहून घ्या. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, ती जमिनीतून किंवा भिंतीतून येते. आधी तो मार्ग तोडायला हवा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असली तर भुंगेऱ्याची अळी. भोकं जुनी की चालू हे कळायला खाली काळा कागद अंथरून पंधरा दिवस थांबा. ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. औषध मात्र सोनेरी बाजूनं कधीच टोचू नये, मागच्या कोऱ्या लाकडातून द्यावं, आणि तेही जाणत्या माणसाकडून. मेणबत्त्या लाकडापासून हातभर दूर. काजळीचा थर काढणं धुळीच्या दहापट अवघड आहे.

प्रश्न : एवढ्या जुन्या दगडी इमारतीला पांढरा गिलावा कशाला? बॉम जिझससारखा लाल दगड उघडा ठेवला तर किती शोभेल! आणि दर पावसाळ्यानंतर चुना पडतो तर सिमेंट का लावत नाहीत?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर दगडात आहे, म्हणून जरा विस्तारानं.

हे चर्च जांभ्या दगडाचं, चिऱ्यांचं आहे. जांभा खाणीतून काढताना इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. हवेत राहून त्याचा पृष्ठभाग थोडा घट्ट होतो. पण आत तो भोकाभोकांचाच राहतो आणि पाणी पितो. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उघड्या चिऱ्यातली मऊ पिवळी माती पाण्याबरोबर वाहून जाते, लोहाचा कडक सांगाडा उरतो आणि तो नंतर ढासळतो. म्हणून पोर्तुगीज काळात जांभ्याच्या भिंतीला गिलावा हा नियमच होता. तो शोभेचा नव्हता, भिंतीचा रेनकोट होता.

बॉम जिझसचा लाल चेहरा मूळचा नाही. 1950 च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदानं दगड उघडा दिसावा म्हणून तिथला गिलावा काढवला. तेव्हापासून तिथले चिरे झिजताहेत आणि गिलावा परत चढवावा की नाही हा वाद अजून मिटलेला नाही. लाल रंग पर्यटकांच्या इतका डोळ्यांत बसलाय की पांढरा केला तर ओरड होईल. आमचं मत विचाराल तर ओरड परवडली, चिरे परत मिळत नाहीत.

आता सिमेंट. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. मांडवीचं खाडीचं पाणी जवळ, त्यामुळे त्यात मीठ आहे. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, पाणी त्याच्यातून वाफ होऊन निघून जातं आणि मीठ गिलाव्यात साचतं. काही वर्षांनी गिलावा भुसभुशीत होऊन पडतो. तो पडतो म्हणजे त्याचं काम करून पडतो. त्यानं मीठ स्वतःवर घेतलं, दगड वाचला. सिमेंट लावलं की वाट बंद. पाणी आणखी वर चढतं किंवा आतल्या बाजूनं बाहेर येतं, आणि मीठ सिमेंटच्या मागे, चिऱ्याच्या अंगातच धरतं.

मिठाची खोड अशी : हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळतं, खाली आली की त्याचे स्फटिक बनतात. स्फटिक वाढताना दगडाची छिद्रं आतून फाडतात. किनाऱ्यावर ही रेघ वर्षातून कितीतरी वेळा ओलांडली जाते. काही वर्षांनी सिमेंटची अख्खी फळी सुटते आणि बरोबर दोन बोटं चिरा घेऊन येते.

चुन्याचं काम नीट व्हायचं तर असं. चुना कळीचा असो की शिंपल्यांचा, भरपूर पाण्यात विरवून त्याचा लगदा निदान काही आठवडे, जमल्यास काही महिने पाण्याखाली मुरवायचा. कच्च्या चुन्यातले न विरलेले खडे भिंतीवर जाऊन फुगतात आणि गिलाव्याला फोडांसारखे खड्डे पडतात. एक भाग लगद्याला अडीच ते तीन भाग धुतलेली, कंगोरेदार वाळू. खाडीची खारी वाळू नको. भिंत आधी चांगली ओली करायची, नाहीतर कोरडा चिरा गिलाव्यातलं पाणी एका घोटात ओढतो. एक थर दहा-बारा मिलिमीटरच्या वर नको. जाड हवा असेल तर दोनदा द्या, आणि मधे पहिला थर घट्ट होऊ द्या. भर उन्हात काम करायचं नाही, ओल्या गोणपाटाचा पडदा सोडायचा आणि आठवडाभर हलकं पाणी शिंपडत राहायचं.

चुना सुकून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड बनतो आणि त्यासाठी ओलावा लागतो. म्हणून पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू करून पुढच्या पावसाआधी काही महिने मिळतील असा बेत ठेवायचा. मे महिन्यात घाईनं मारलेला गिलावा जूनमध्ये धुऊन जातो आणि दोष चुन्याच्या माथी बसतो. वरून प्लॅस्टिक इमल्शन मारलं तर सगळ्या कष्टांवर पाणी. सफेदीही चुन्याचीच, पातळ, तीन ते पाच हात.

आणि गिलाव्याला हात लावण्याआधी छपरावर चढा. भिंतीवरच्या निम्म्या डागांचं मूळ फुटक्या कौलात किंवा पानांनी तुंबलेल्या पन्हळीत असतं.

प्रश्न : चर्चमध्ये आपण थडग्यांवरूनच चालतो. त्या शिळांवरचं लिखाण कसं वाचायचं?

चर्चच्या फरशीत पुरलं जाणं हा तेव्हा मान होता, आणि वरून माणसं चालणं हा त्याचाच भाग, नम्रतेची खूण. त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नका, फक्त शिळेवर बॅग ओढू नका.

बहुतेक शिळांवर वरच्या बाजूला घराण्याचं चिन्ह असतं, म्हणजे ढाल, त्यावर शिरस्त्राण, भोवती पानांचा फुलोरा. खाली मजकूर. सुरुवात ठरलेली : ‘आकी जाझ’ म्हणजे इथे विसावला आहे, किंवा ‘एस्ता सेपुल्तुरा ए द’ म्हणजे हे थडगं अमक्याचं. पुढे नाव, हुद्दा, बहुतेकदा बायकोचं नाव आणि ‘एर्देइरुश’, म्हणजे वारस. हा शब्द दिसला की समजा, जागा एका माणसाची नव्हे, कुटुंबानं घेऊन ठेवलेली आहे. ‘फालेसेउ’ आलं की त्यामागे मृत्यूची तारीख. अडचण अशी की शब्दांत मोकळी जागा सोडलेली नसते, दोन अक्षरं एका दांडीला जोडलेली असतात, यू च्या जागी व्ही आणि जे च्या जागी आय कोरतात, आणि नेहमीचे शब्द आखडून वर छोटी रेघ देतात.

झिजलेली शिळा समोरून प्रकाश टाकून वाचता येत नाही. मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. खोलगट अक्षरांत सावली भरते आणि मजकूर उठून येतो. त्याच शिळेचे चार बाजूंनी चार फोटो घेतले तर एकात न दिसलेलं दुसऱ्यात सापडतं. खडू, पीठ, ओला हात काही लावू नका. खडूची पूड छिद्रांत बसते ती निघत नाही.

प्रश्न : भिंतींवर लाकडावर रंगवलेली मोठी चित्रं आहेत. त्यांत काय चाललंय हे कसं ओळखावं?

ती फ्रान्सिसच्या आयुष्यातल्या प्रसंगांची आहेत. त्याला शोधा : करडा किंवा तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी, हातापायांवर आणि कुशीत क्रुसावरच्या येशूसारख्या जखमा. जखमा नसतील तर प्रसंग 1224 च्या आधीचा. त्या वर्षी ला व्हेर्ना डोंगरावर त्याला त्या मिळाल्या असं मानतात. तो प्रसंग चित्रात असला तर आकाशात पंखांचा क्रूसरूप देवदूत आणि त्याच्यापासून पाच ठिकाणी येणारे किरण दिसतात.

या संताच्या चित्रमालिकांत जगभर फिरून फिरून येणारे बाकीचे प्रसंग असे : बिशपसमोर कपडे उतरवून बापाला परत देणारा तरुण, पडक्या देवळात बोलणारा क्रूस, झोपलेल्या पोपच्या स्वप्नात कोसळतं चर्च खांद्यावर तोलणारा भिक्षू, 1219 मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्यापुढे उभा फ्रान्सिस, बाजूला जाळ, 1223 मधला ग्रेचो गावातला ख्रिस्तजन्माचा गोठा, पाखरांना उपदेश. एवढे पाठ केले की कुठल्याही देशातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये निम्मी चित्रं आपणहून उलगडतात.

सोबतचे संतही ठरलेले. बाळ येशू आणि लिलीचं फूल घेतलेला अँथनी, प्रसादाचं सोन्याचं पात्र धरलेली क्लेअर. ढालीसारख्या तेजोमंडलात येशूच्या नावाची तीन अक्षरं धरलेला बर्नार्डिनो. हीच अक्षरं जेझुइटांनीही घेतली आणि बॉम जिझसच्या माथ्यावर तीच आहेत, तेव्हा नुसत्या अक्षरांवरून संघ ठरवू नका. दोरीच्या गाठी बघा, किंवा क्रुसापुढे एकमेकांवर आडवे दोन हात : एक येशूचा उघडा, एक फ्रान्सिसचा बाहीतला. ते फ्रान्सिस्कनांचं निशाण.

प्रश्न : चर्चच्या मठात वीरगळ आणि विष्णूच्या मूर्ती कशा?

1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं गोव्यातले धर्मसंघ बरखास्त केले आणि भिक्षूंना मठ सोडावे लागले. जुन्या गोव्यातले बरेच मठ त्यानंतर पडले किंवा पाडून त्यांचे चिरे नेले. हा टिकला. 1964 मध्ये तिथे संग्रहालय झालं आणि गोव्याच्या परिसरात सापडलेली शिल्पं आणून ठेवली, त्यांत कदंबकाळातले वीरगळही आले. लढाईच्या नावा कोरलेले वीरगळ आवर्जून पाहा. गोव्याचं आरमारी वैभव पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचं आहे, ते तिथे दगडात आहे.

त्या मूर्ती या जागी असण्यात एक कडवट भागही आहे आणि तो झाकायचं कारण नाही. सोळाव्या शतकात धर्मप्रसारासाठी गोव्यातलं सासष्टी जेझुइटांकडे आणि बार्देश फ्रान्सिस्कनांकडे होतं, आणि त्या काळात या भागातली देवळं सरकारी हुकमानं पाडली गेली. भाषेचंही तसंच. याच संघातल्या लोकांनी कोकणीचं व्याकरण लिहिलं, आणि याच संघाच्या आग्रहानं 1684 मध्ये व्हाइसरॉयनं कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायचं फर्मान काढलं.

वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांचं दालन आहे. 1547 मध्ये तेव्हाचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यानं ही मालिका सुरू करवली. बखरकार गास्पार कोरैया याच्या देखरेखीखाली स्थानिक चित्रकारानं पहिली चित्रं काढली. पुढे प्रत्येक पिढीनं त्यांच्यावर रंगाचे हात मारले, चेहरे बदलले, फळ्या जोडल्या. क्ष-किरणांनी तपासल्यावर काहींच्या खाली वेगळीच चित्रं निघाली. त्यामुळे त्यातल्या एखाद्या चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव वाचायला जाऊ नका.

प्रश्न : महाराष्ट्रात फ्रान्सिस्कनांचं काही उरलंय का?

दोन ठिकाणं जरूर पाहा. वसईच्या किल्ल्यात सेंट अँथनीच्या फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेष आहेत. छप्पर गेलं, पण फरशीतल्या थडग्यांच्या शिळा आहेत, आणि आडव्या उजेडाची वरची युक्ती तिथे जास्तच उपयोगी पडते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथली मठांची वस्ती संपली. दुसरं, बोरिवलीजवळचं मंडपेश्वर. प्राचीन शैव लेणं, नटराजाच्या पटासह. सोळाव्या शतकाच्या मध्यात आंतोनियो द पोर्तू या फ्रान्सिस्कनानं त्याचं प्रार्थनाघर केलं आणि वरच्या टेकाडावर मठ बांधला. लेण्याच्या बाजूच्या भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस अजून आहे, आणि वर मठाच्या पडक्या भिंती.

प्रश्न : जायची वेळ कोणती चांगली?

चर्चचं तोंड पश्चिमेला, म्हणून मानुएलाइन दारावर उजेड दुपारनंतर येतो. आधी संग्रहालय उरका, चारच्या सुमारास दारापाशी या. पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, तेवढा वार टाळा. पावसाळ्यात गेलात तर भिंतीच्या तळाशी ओल कुठवर चढलीय ते बघा. वर लिहिलेलं सगळं पुस्तकाशिवाय समजेल. संघाच्या संताचा दिवस 4 ऑक्टोबर.